भेंडाची टोपी ते थर्माकोलचे हेल्मेट

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई हे आसपासच्या वाड्यापाड्यांचे बाजाराचे गाव. २०१६ च्या डिसेंबरात रोख पैशाशिवाय व्यवहार करणारे गाव म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले होते. मुरबाड-शहापूरच्या या पट्ट्यात शाळा प्रत्येकाच्या दारात नसते. एसटी चुकली तर पायी जायचे, नाहीतर सायकल काढायची. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या आणि सायकलवरून शाळेला निघालेल्या मुली हे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतले नेहमीचे दृश्य झाले. ही फार चांगली गोष्ट आहे. मुलीची शाळा सुटू नये यासाठी सायकलीएवढे साधे आणि उपयोगी साधन क्वचितच सापडेल.

या मुलांच्या पाठीला दप्तर असते, कॅरिअरवर कधी धाकटे भावंड असते. डोक्यावर मात्र काही नसते. फार तर टोपी किंवा ओढणी. शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला कायद्याने हेल्मेट घालायला सांगितले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम त्यासाठीच आहे. सायकलीला मोटार नाही, म्हणून ती त्या कलमात बसत नाही. रस्ता मात्र दोघांचा एकच, आणि खड्डेही तेच.

सायकलचे हेल्मेट वर्गात नेऊन मुलांच्या हाती दिले, तर बहुधा पहिला प्रश्न असा येतो: "सर, हे तर नुसते थर्माकोल आहे. याने डोके कसे वाचेल? लोखंडाचे का नाही करत?" प्रश्न अगदी रास्त आहे. मोठ्यांनाही तो बराच काळ नीट सुटला नव्हता. त्याचे उत्तर शोधण्यात डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते यांची साठ-सत्तर वर्षे गेली. तो इतिहास समजला, की हेल्मेट कसे निवडावे आणि कसे घालावे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

बाशिंगाचे भेंड

सुरुवात १८७० ते १८९० च्या काळात होते. तेव्हाच्या सायकलचे पुढचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे मोठे आणि मागचे अगदी लहान असे. स्वार त्या मोठ्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर बसे. चाकाखाली दगड आला की तो सायकलसकट पुढे कलंडून थेट डोक्यावर पडे. इंग्लंड-अमेरिकेतील सायकल क्लबांचे काही सदस्य त्यामुळे डोक्यावर एक विशिष्ट टोपी घालू लागले. ही टोपी म्हणजे आपल्याकडच्या गोऱ्या साहेबाची सोला हॅट.

सोला हॅट ज्यापासून बनते त्याला मराठीत भेंड म्हणतात. पाणथळ जागी वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या खोडातला हा पांढराशुभ्र, अतिशय हलका गाभा. लग्नातली बाशिंगे आणि देवाच्या मखराची सजावट यांत आपण तो पाहिलेला असतो. भेंड बोटात धरून दाबले तर चुरडते आणि पुन्हा फुगत नाही, कारण त्याच्या असंख्य पोकळ पेशींच्या भिंती मोडलेल्या असतात. सायकलस्वार डोक्यावर आपटला की भेंडाची टोपी अशीच चुरडे. एका पडण्यात ती निकामी होई, पण तेवढ्यात डोक्याला बसणारा तडाखा कमी झालेला असे.

पुढे दोन्ही चाके सारखी असलेली, आजच्यासारखी सायकल आली. ती बुटकी असल्याने डोक्यावर पडण्याचे प्रमाण घटले आणि भेंडाची टोपी मागे पडली. शर्यतीतले स्वार नंतर कातडी पट्ट्यांची जाळीदार टोपी घालू लागले. आत थोडा लोकर-कापसाचा भराव असे. कातडी चिवट असल्याने टोपी वर्षानुवर्षे टिके. खरचटण्यापासून डोके वाचे, पण जोराच्या आपटण्यापुढे तिचा फारसा इलाज चालत नसे. जी टोपी मोडत होती ती गेली आणि जी टिकत होती ती राहिली. मुलांच्या 'लोखंडाचे का नाही?' या प्रश्नामागेही हीच समजूत आहे: जे टिकाऊ ते सुरक्षित.

मृत्यूंची मोजदाद

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील एका गावरस्त्यावर टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून घरी चालला होता. पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीमुळे तो 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगभर ओळखला जाई. समोर अचानक सायकलवरची दोन मुले दिसली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला आणि डोक्याला जबर मार लागून १९ मे रोजी मरण पावला. त्याच्यावर उपचार करण्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मूळचा ऑस्ट्रेलियन मेंदूशल्यचिकित्सक होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर केर्न्सने मोटारसायकलच्या अपघातांकडे बारकाईने पाहिले. लष्कराचे निरोपे तेव्हा मोटारसायकलवरून धावत. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मरण पावले होते. त्यांत डोक्याची इजा हे सर्वांत मोठे कारण होते. शिरस्त्राण घातलेले असताना डोक्याला मार लागल्याची सातच उदाहरणे केर्न्सला मिळाली, पण ते सातही जण वाचले होते. हे निष्कर्ष त्याने १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले आणि त्यानंतर मृत्यू घटत गेल्याचे केर्न्सने १९४६ मध्ये दाखवून दिले. सर्वसामान्य ब्रिटिश मोटारसायकलस्वाराला ही सक्ती लागू व्हायला मात्र १९७३ साल उजाडले. केर्न्स १९५२ सालीच वारला होता.

केर्न्सच्या सोबत ऑक्सफर्डमध्ये ए. एच. एस. होलबोर्न नावाचा भौतिकशास्त्रज्ञ काम करत होता. कवटी फुटली नाही तरी मेंदूला इजा कशी होते, असा प्रश्न त्याने घेतला. त्यासाठी त्याने जिलेटिनचा मेंदू बनवला आणि त्याला झटके देऊन पाहिले. सरळ धक्क्यापेक्षा डोके एकदम गर्रकन फिरले तर मेंदूच्या आत जास्त ताण पडतो, असे त्याने १९४३ मध्ये मांडले. ताटातली जेली ताट पुढे सरकवल्यावर फारशी विस्कटत नाही, पण ताटाला झटकन गिरकी दिली तर आतून फाटते, तसेच हे. या निष्कर्षाचा हेल्मेटच्या रचनेत उपयोग व्हायला फार उशीर लागला. स्वीडनमध्ये मेंदूशल्यचिकित्सक हान्स फॉन होल्स्ट आणि अभियंता पीटर हाल्डिन यांनी १९९० च्या दशकात त्यावर काम सुरू केले. आता काही हेल्मेटांच्या आत थोडासा घसरू शकणारा पातळ थर असतो, तो त्यातूनच आला.

चुंबळ आणि पेंढा

युद्धकाळातल्या शिरस्त्राणांचे कवच कडक होते आणि आत डोके पट्ट्यांवर टेकलेले असे. कवच काय करते हे समजायला आपल्याकडची चुंबळ पुरेशी आहे. हंडा थेट डोक्यावर घेतला तर त्याचा भार एका जागी टोचतो. चुंबळीमुळे तो मोठ्या भागावर पसरतो. कवचही टोकदार दगडाचा मार असाच पसरवते. पण चुंबळीने हंड्याचे वजन कमी होत नाही. आपटण्याचा जोर कमी करायचा तर दुसरे काहीतरी हवे.

ते दुसरे काहीतरी अमेरिकेत सापडले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स लोम्बार्ड वैमानिकांच्या सुरक्षेवर काम करत होता. कवचाच्या आत चुरडणाऱ्या पदार्थाचा थर असावा, म्हणजे आपटण्याची ऊर्जा तो थर चुरडण्यात खर्च होईल, ही कल्पना त्याने व हर्मन रॉथने मांडली. १९४७ मध्ये केलेल्या अर्जावर त्यांना १९५३ साली पेटंट मिळाले. भेंडाची टोपी अजाणता जे करत होती, ते आता समजून-उमजून करायचे होते.

याचे गणित शाळेतल्या 'कार्य आणि ऊर्जा' या धड्यात बसते. पडणाऱ्या डोक्याची ऊर्जा म्हणजे त्याचे वजन गुणिले उंची. ते थांबवायला करावे लागणारे कार्य म्हणजे बल गुणिले थांबण्याचे अंतर. दोन्ही सारखी मांडली की डोक्यावरचे सरासरी बल त्याच्या वजनाच्या किती पट, हे उंची भागिले थांबण्याचे अंतर एवढ्या सोप्या भागाकाराने मिळते.

सायकलवर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. सायकल उभी असली आणि मूल नुसते कलंडले, तरी डोके डांबरावर पोहोचेपर्यंत त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो. डांबर दबत नाही. समजा, डोके तीन मिलिमीटरमध्ये थांबले. १५० सेंटिमीटर भागिले ०.३, म्हणजे बल ५०० पट. डोके साडेचार किलोचे धरले तर हा भार सव्वादोन टनांचा झाला. आता मध्ये थर्माकोल आहे आणि ते दोन सेंटिमीटर चुरडले असे समजा. १५० भागिले २ म्हणजे ७५ पट. भार साडेतीनशे किलोच्या आत. डोके तेच, पडणे तेच, फक्त थांबायला दोन सेंटिमीटर मिळाले.

हा हिशेब सरासरीचा आहे. क्षणभराचे सर्वाधिक बल याहून जास्त असते. सायकल हेल्मेटांच्या 'ईएन १०७८' या युरोपीय मानकातली सपाट पृष्ठभागावरची चाचणीही साधारण दीड मीटर पडण्याइतक्या वेगाची असते. त्यात डोक्याच्या नमुन्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या २५० पटींच्या वर जाता कामा नये.

वर्गात दोन गोष्टी सहज करून दाखवता येतात. एक अंडे रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा आणि डबा दीड मीटरवरून खाली सोडा. डबा शाबूत राहील, अंडे फुटेल. दुसरे अंडे त्याच डब्यात सर्व बाजूंनी भाताचा पेंढा दाबून भरून सोडा आणि काय होते ते मुलांनाच सांगू द्या. 'लोखंडाचे का नाही?' याचे उत्तर इथे मिळते. मग थर्माकोलचा तुकडा आणि स्पंज अंगठ्याने जोरात दाबा. स्पंज लगेच मूळ आकारात येतो, म्हणजे घेतलेली ऊर्जा परत देतो. थर्माकोलवर खड्डा कायम राहतो. हेल्मेटला हवा तो न भरणारा खड्डा. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बाद करायचे. त्या जागचे थर्माकोल चुरडलेले असते आणि दुसऱ्या वेळी ते दोन सेंटिमीटर मिळत नाहीत.

सायकलीकडे परत

मोटारींच्या शर्यतीत पीट स्नेल हा चालक १९५६ मध्ये मरण पावला. डोक्यावरचे शिरस्त्राण त्याला वाचवू शकले नव्हते. त्याच्या मित्रांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने संस्था काढली आणि डॉ. जॉर्ज स्नाइव्हली यांनी शिरस्त्राणे तपासण्याच्या काटेकोर कसोट्या तयार केल्या. सायकलस्वार मात्र कातडी पट्ट्यांवरच होते. १९७५ मध्ये अमेरिकेतील बेल कंपनीने 'बेल बायकर' हे खास सायकलसाठी बनवलेले हेल्मेट बाजारात आणले. वर कडक प्लास्टिकचे कवच आणि आत थर्माकोल. आजची हेल्मेटे बरीच हलकी असली तरी त्यांचे मूळ तत्त्व हेच आहे.

त्याचा उपयोग किती? सिएटलमधल्या १९८९ च्या प्रसिद्ध अभ्यासात डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो असे म्हटले होते. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा खाली आला. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१६ मध्ये ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली. त्यांच्या हिशेबाने हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी होते. मुलांना दोन्ही आकडे सांगावेत. पहिला आकडा पुढे सुधारला जातो, यात विज्ञानाची नामुष्की नाही.

सक्तीचा इतिहास अधिक खडतर आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. असा कायदा करणारे ते जगातले पहिले राज्य. सक्तीने लोक सायकलच सोडतील, हा त्यावरचा आक्षेप अजूनही चर्चेत आहे. नेदरलँड्समध्ये फार थोडे लोक हेल्मेट घालतात, पण तिथे सायकलींना वेगळे रस्ते आहेत. व्यावसायिक शर्यतींत १९९१ मध्ये सक्तीचा प्रयत्न झाला, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत स्वारांनी संप करून तो हाणून पाडला. त्याच शर्यतीत मार्च २००३ मध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह डोक्यावर पडला आणि मरण पावला. त्याने हेल्मेट घातले नव्हते. त्याच वर्षी सक्ती लागू झाली.

आपल्याकडे वेगळे काय घडले? एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. दुसरीकडे २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकलशर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. त्या शर्यतीत हेल्मेटशिवाय सायकल चालवताच येत नाही. शहरांतल्या हौशी सायकलस्वारांत हेल्मेट आता रुळले आहे. शाळेच्या सायकलीपर्यंत ते अजून पोहोचलेले नाही.

निवडताना आणि घालताना

आता निवडीकडे वळू. शिंप्याची टेप भुवयांच्या वर दोन बोटे ठेवून डोक्याभोवती गुंडाळा आणि आलेल्या सेंटिमीटरच्या मापाचे हेल्मेट घ्या. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठे घेऊ नका. सैल हेल्मेट पडताना सरकते. आतल्या चिठ्ठीवर 'ईएन १०७८' किंवा अमेरिकेच्या 'सीपीएससी' मानकाचा उल्लेख पाहा. आत थर्माकोल नसून नुसता स्पंज असेल तर ते खेळणे समजा. त्याचे कारण आपण अंगठ्याने दाबून पाहिलेच आहे. वडिलांचे मोटारसायकलचे हेल्मेट मुलाला घालू नये. ते जड आणि मापाबाहेर असते. कोणाचे तरी जुने हेल्मेटही नको, कारण ते कधी आपटले होते का हे आपल्याला ठाऊक नसते.

घालताना ते सपाट बसले पाहिजे आणि पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर आली पाहिजे. पुष्कळ मुले ते टोपीसारखे मागे सरकवून घालतात. मग कपाळ उघडे राहते आणि तोंडघशी पडल्यावर पहिला मार तिथेच बसतो. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाच्या पाळीखाली इंग्रजी व्हीच्या आकारात मिळाल्या पाहिजेत. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर त्यात जेमतेम एक-दोन बोटे शिरावीत. आता तोंड उघडून मोठी जांभई द्यायला सांगा: हेल्मेट डोक्यावर दाबले गेल्यासारखे वाटले तर पट्टा बरोबर आहे. मान जोरात हलवली तरी ते जागचे हलता कामा नये. दोन वेण्या असतील तर अडचण नाही. उंच बांधलेला अंबाडा किंवा आत घातलेली टोपी मात्र हेल्मेटला वर उचलते. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधीच रस्त्यावर पोहोचते.

हेल्मेटला रंग, पेट्रोल किंवा थिनर लावू नये. नखांचे पॉलिश काढायच्या द्रवाचे दोन थेंब थर्माकोलवर टाकून दाखवले, म्हणजे त्याचे कारण कळेल (हा प्रयोग शिक्षकांनीच, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास आग नसताना करावा). सायकलवरून उतरले की हेल्मेट काढायचे. ते घालून झाडावर किंवा झोपाळ्यावर चढले, तर ते फांदीत वा दोरीत अडकून पट्ट्याचा गळफास बसू शकतो.

याची मर्यादाही मुलांना स्पष्ट सांगितली पाहिजे. दीड-दोन मीटरवरून पडणाऱ्या डोक्यासाठी हे हेल्मेट तपासलेले असते, भरधाव ट्रकच्या धडकेसाठी नाही. ब्रेक, मागचा चकाकणारा लाल तुकडा, रस्त्याची डावी कड आणि खड्डा बुजवायला ग्रामपंचायतीकडे दिलेला अर्ज यांची गरज हेल्मेटने संपत नाही. पण शाळेच्या वाटेवर चाक वाळूवर घसरणे, साडी किंवा ओढणी चाकात अडकणे, खड्ड्यात कलंडणे असे जे नेहमीचे पडणे असते, ते नेमके या दीड मीटरमधले आहे.

कायद्याने सांगितलेले नाही, म्हणून धसईसारख्या गावात ही सवय लावायला पोलीस येणार नाही. ती शाळेतूनच लागेल. पालकसभेत एक हेल्मेट आणि एक अंड्याचा डबा घेऊन जा. सायकलीसाठी कोणी देणगी देणार असेल, तर त्यांना सांगा की सायकलीसोबत मुलीच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेटही द्या. आणि मुलीच्या डोक्याभोवती टेप धरून ते माप वर्गातल्या मुलांनाच घेऊ द्या.